खाच

रात्री अकराला दिओलिंदा खुराड्यात शिरते,
दातांत टॉर्च, हातात जुन्या अभ्र्याचं फडकं.
दांडीखालून फिरवून उजेडात धरते:
तांबडी रेघ.
प्यायलेले असले की सापडतात,
दिवसा धुळीएवढे, नाहीतच म्हणा.

पिंतादाचा तुरा पांढरा पडलाय.
खुडूक बसलेली अंडी टाकून उठलीय.
चुलीतली राख झाली, चुना झाला,
ब्रागाच्या दुकानातली महाग पूड झाली.
कोंबड्या राखेत लोळून खूश,
किडे जिथल्या तिथे.

जिथे म्हणजे खाचेत.
अल्बानोनं चेस्टनटची दांडी खांबात अशी बसवलेली
की खिळा लागला नाही. आल्यागेल्याला दाखवायचा:
पत्त्याचं पानसुद्धा शिरणार नाही!
पान नाही शिरलं.

सकाळी ती उपसून बघते. हलत नाही.
मग करवत.
अंगणात दांडी जळते,
तीळ तडतडावेत तसा बारीक आवाज.
मेल्या, तुझं सुतारकाम, ती म्हणते,
आणि धुरामुळे डोळे पुसते, धुरामुळेच.

संध्याकाळी झाडूचा दांडा, दोन उघडे खिळे.
डुगडुगतो.
पिंतादा चढते, घसरते, शिव्या घालत पुन्हा चढते.

फडकं धुऊन तारेवर.
आठवड्यानं परत लागेल.