दुखू नये म्हणून

रात्री साडेनऊला फोन आला.
"उद्या मी नाहीये, ताता."
दुखतंय का कुठे?
"नाही."
मग?
"दुखू नये म्हणून."

चार तिकिटं त्यानंच पाठवलेली,
खुर्च्या अशा मागून घेतलेल्या
की त्याचा रन-अप सरळ आमच्याकडे यावा.
नोमाखवेझीनं कोंबडी शिजवून डब्यात भरली होती.
शिजलेली कोंबडी संघनिवड वाचत नाही.
निघालो.

कारिएगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी गाड्यांची दारं बसवली.
दर दोन तासांनी भोंगा, मग जागाबदल :
दारावरून काचेवर, काचेवरून चाकावर,
एकाच खांद्यावर सगळा भार नको म्हणून.
जर्मनीहून आलेल्या कुणा साहेबानं
तसा तक्ता भिंतीवर लावला होता.
तक्ता चांगला होता.
खांदे तरीही गेले,
पण दोन्ही, अगदी समसमान.

पोराच्या बंडीत आता एक चकती शिवलेली असते,
पाठीवर, दोन पात्यांच्या मधोमध.
किती पळाला, किती जोरात थांबला,
सगळं तिला कळतं.
कुठल्याशा पडद्यावर त्याच्या नावाची चौकट
हिरवी असते, मग पिवळी.
तीन कसोट्यांत एकशे अठरा षटकं.
लाल व्हायच्या आत
मारेली नावाच्या मुलीनं त्याला उचलून बाजूला ठेवलं,
जसा आम्ही रंग ओला असलेला दरवाजा ठेवायचो.
तिच्यावर माझा राग नाही.
माझ्या वेळी कुणी असं बघितलं असतं
तर आज शर्ट घालताना मला बायको लागली नसती.

पेपरात छापलंय : विश्रांती.
वगळलं म्हणाले असते तर भांडलो असतो.
विश्रांतीशी कसं भांडणार?
आमच्या वस्तीत या शब्दाचे दोनच अर्थ,
एक रविवारचा,
एक दफनभूमीतला.

सेंट जॉर्जेसला पोचलो तेव्हा बँड सुरू झाला होता
आणि वारा पूर्वेचा होता.
ओला, समुद्रावरून येणारा,
ज्यात चेंडू शेवटच्या क्षणी मन बदलतो.
या वाऱ्याची तो दोन वर्षं वाट बघत होता.
वाऱ्याला कुणी तक्ता दाखवला नव्हता.

त्याच्या जागी अव्हुमिले, वय वर्षं वीस,
टोपी इतकी नवी की कानांवर बसत नव्हती.
चौथ्या षटकात त्यानं दांडी उडवली.
स्टँड उभा राहिला, मीही राहिलो,
आणि मग मला ते मनगट दिसलं.
सोडताना जरासं मागे रेंगाळणारं.
माझ्या अंगणात, तारेला बांधलेल्या मोज्यातल्या चेंडूवर,
बारा वर्षं बघितलेलं मनगट.
ते त्यानं या पोराला कधी दिलं?
मला म्हणालाही नाही.

पाण्याच्या वेळी तो आला.
हिरवं जाकीट, दोन्ही हातांत बाटल्या,
सीमारेषेवरून आत, पाठ आमच्याकडे.
खुर्च्या चुकीच्या नव्हत्या,
तो उलट्या दिशेनं पळत होता.
अव्हुमिलेच्या कानाशी काहीतरी बोलला,
हवेत हात एकदा फिरवून दाखवला.
परत येताना वर बघितलं.
मी हात केला.
माझा हात कानापर्यंतच जातो,
लांबून पाहणाऱ्याला वाटेल
म्हातारा काहीतरी ऐकायचा प्रयत्न करतोय.

संध्याकाळी कुंपणाशी आला.
डब्यातली शेवटची तंगडी उभ्यानंच खाल्ली,
हाड चोखून साफ केलं,
न खेळलेल्या माणसाला इतकी भूक कशी लागते कोण जाणे.
"खांदा कसा आहे?" त्यानंच विचारलं.
विश्रांती दिलीय त्याला, मी म्हणालो.
तो हसला.
मग हसायचा थांबला.
मागे बँडवाले एकेक ट्रंपेट उलटं करून
आतलं पाणी
गवतावर झटकत होते.