धुण्याचं बिल

आईनं बेसबॉलचा एकही सामना पाहिला नाही.
शनिवारी रात्री टेकडीपलीकडे दिवे लागायचे,
खाणीच्या धुरात पिवळट,
आणि मैदानावरून ओरडा उठायचा, मध्येच विझायचा,
तेव्हा ती चुलीवर पाणी ठेवत असायची.

मध्यरात्र उलटली की मिस्टर लोव्हिंगुड
दारात पोतं टाकून जायचे:
अठरा शर्ट, अठरा विजारी,
घामानं त्याचं एक जड जनावर झालेलं.
आई ते फरशीवर उलटं करी
आणि बल्बखाली एकेक कपडा धरून
सामना वाचू लागे.

"नऊ नंबर. मांडीला लाल माती, पण झटकलेली.
म्हणजे पोचला दुसऱ्या बेसवर.
बाद झालेला माणूस माती झटकत नाही,
तशीच घेऊन जातो."
"हा कॅचर. गुडघे बघ याचे,
चर्चमध्येही एवढं कोणी टेकत नाही."
"आणि हा पिचर. उजवी बाही मिठानं कडक.
कोणाला दया म्हणून नाही."
तिचं स्लोव्हाक, माझं शाळेतलं इंग्रजी,
डाग मात्र दोघींना एकाच भाषेत कळायचे.

रक्ताला गार पाणी. गवताला व्हिनेगर.
तंबाखूच्या पिचकारीला शिव्या.
लोकरीचं कापड, उकळलं की आटतं,
हे ती बाबा गेले त्या वर्षी शिकली.
त्यांच्या कपड्यांतला कोळसा
तिच्याच्यानं कधी निघाला नव्हता.

बावीस नंबर कोराच यायचा.
केंटकीचा व्हर्जिल स्टॅम्पर, वय एकोणीस,
मे महिन्यापासून बाकावर.
त्याच्या विजारीला फक्त बाकाचा हिरवा रंग,
तोही बसायच्या जागी.
आई तो शर्ट धुवायची, इस्त्री करायची,
बिलात धरायची नाही.
बिल मी लिहायची, अकरा सेंट नगाला.
"न खेळलेल्याचे पैसे घ्यायचे नसतात," म्हणायची,
जणू पाद्रीच तसं सांगून गेला होता.

बावन्न सालचा ऑगस्ट. त्या रात्री
बारा वाजले तरी दिवे चालूच.
मग ओरडा वाढत वाढत गेला आणि एकदम तुटला,
भरलेल्या बादलीचा दोर तुटावा तसा.
पोतं दीडला आलं.
आईनं हात घातला आणि बावीस नंबर बाहेर आला:
छातीपासून पोटापर्यंत माती,
दोन बटणं गायब,
गळ्याखाली चुन्याची जाड रेघ.
होम प्लेटच्या चौकटीचा चुना तो.
डोकं पुढं घालून झेपावला होता पोरगा.

"पोचला?" मी विचारलं.
आईनं शर्ट उजेडात फिरवला. पुन्हा फिरवला.
माती झटकलेली नव्हती.

बाकीचे सतरा धुऊन झाले, तारेवर गेले, उजाडलं.
बावीस नंबर खुर्चीच्या पाठीवर तसाच,
कोणी येऊन बसलंय
आणि कॉफी मागायला लाजतंय, असा.

सोमवारच्या पेपरात चार ओळी होत्या.
चौदा इनिंग्ज, पाहुणे एका धावेनं वर.
स्टॅम्पर, बदली धावपटू,
आणि नावापुढे शून्य, शून्य, शून्य.
मंगळवारी तो बसनं घरी गेला
असं दुकानात कोणीतरी म्हणालं,
साखर मोजता मोजता.
शर्ट क्लबचा होता. तो राहिला.

मग आईनं तो धुतला.
चुन्याची रेघ सगळ्यात शेवटी.
बटणं बाबांच्या कोटाची लावली,
रंग जुळला नाही.

मिस्टर लोव्हिंगुडनी बिल चष्म्याजवळ नेलं.
"अठरा? नेहमी सतरा असतात."
"बावीस नंबर," मी म्हणाले. "आणि दोन बटणं."
"तो? एकदाच तर धावला. तेही बाद."
आईला इंग्रजी फारसं यायचं नाही.
तिनं ओले हात ॲप्रनला पुसले.
"खेळला," म्हणाली.

त्यांनी खिशातून अकरा सेंट मोजले.
बटणांचे दिले नाहीत.