फक्की

सातपूरची रात्रपाळी सुटली
तरी दोधू गांगुर्डे घरी जात नाही.
सायकलला फक्कीची गोणी, सुतळीचा गुंडा,
गोल्फ क्लबच्या मैदानावर अजून अंधार.

वीस वर्षं रेघा मारतोय.
नावं छापून आली धावणाऱ्यांची,
याच्या पँटला चुना.

परवा हरसूलहून भोयेबाई लेकीला घेऊन आल्या.
यमुना. डोळ्यांना दिसत नाही,
गावची टेकडी मात्र पायांना पाठ.
‘एकटी कशी धावणार?’ समितीने विचारलं.
दोधू गप्प राहिला.
त्याला कुठे कोणी विचारलं होतं?

आज पहाटे सातवी न् आठवी लेन
यांच्यामधली रेघ त्याने मारलीच नाही.
स्वतःच्या बुटाची लेस काढली,
एक टोक यमुनाच्या मनगटाला,
दुसरं भद्रकालीतल्या शकिलाच्या.

साहेब आले. ‘आठवी लेन कुठाय?’
‘फक्की संपली, साहेब.’

पहिल्याच वळणावर दोघींची पावलं जुळेनात.
धडपडल्या. शकिला चिडली, यमुना हसत सुटली,
गुडघे झटकून पुन्हा उभ्या.

मागून दोधू, एक बूट फटक फटक वाजवत,
‘डावा! आधी डावा!’ ओरडत.

सायकलवर
गोणी अर्धी भरलेली.