तीस जूनपर्यंत

दोनदा जाहिरात दिली. कुणी आलं नाही.
तळं गोठलेलं, विमान आठवड्यातून एकदा,
नोव्हेंबर उजाडला तरी चौथीच्या वर्गात
शिक्षकाची नुसती खुर्ची.

म्हणून देल्फीन माँग्राँ, शाळेची बस चालवणारी,
हिचा अर्ज रिजायनात माझ्या टेबलावर.
पदवी : रेघ.
अध्यापन प्रमाणपत्र : रेघ.
पोलिसांचा दाखला आहे, क्षयरोग नसल्याचाही.

'अनुभव' या चौकटीत जागा पुरली नाही
तेव्हा ती समासात उतरलीय, तिरपी :
नोएलला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
बोलायचं ते उजवीकडून.
दोघी जुळ्या सोमवारी उपाशी येतात.
भागाकार मला अडतो.
पण एक मासा सात घरांत
भांडण न होता वाटून दाखवीन.

नियमाला हे कुठे बसवू?
बराच वेळ पेन नुसतं हातात.
शेवटी छापील वाक्याखाली सही केली :
परवाना तात्पुरता, तीस जूनला संपेल,
नूतनीकरणाची हमी नाही.

फोनवर वाचून दाखवलं.
पलीकडे इंजिन चालू होतं, पोरांचा गलका.
"बरं," ती म्हणाली,
"बसचा परवाना माझा पाच वर्षांचा आहे.
तेवढा राहील ना?"