एक दम

आमच्या घरात सनई दादाकडं, संबळ बापाकडं,
माझ्याकडं सूर.
एकच स्वर, हळदीपासून शेवटची पंगत उठेस्तोवर.
लग्नाच्या अल्बमात आम्ही कुठंच नसतो,
कधीमधी माझं कोपर.

बाप सांगायचा, सूर तुटला की लगन मोडतं.
म्हणून गालात हवा साठवायची,
नाकानं हळूच ओढायची,
ओठाला पत्ता लागू द्यायचा नाही.
सात वर्षांची मी,
स्टीलच्या पेल्यात पपईची नळी घालून
तासभर बुडबुडे काढायचे.
आई ओरडायची, प्यायचं पाणी आहे ते!

फायनल सेलूला, सकाळी अकराची.
मुहूर्त बारा सदतीस, तोही सेलूतच.
बाप म्हणला, "अक्षदा पडायच्या आत ये.
तवर गोविंदमामा धरील सूर.
त्याला दमा आहे, तेवढं ध्यानात ठेव."

शेवटची चढाई. एका गुणानं मागं.
मानवतच्या तिघींनी कंबर धरली,
चौथी पायावर बसली आरामात, बाजेवर बसावं तशी.
मी कबड्डी कबड्डी करत
बोटाबोटानं सरकत राहिले.
रेषेला हात लागला.
आमच्या पोरी नाचायला लागल्या
आणि पंच खाली वाकून
माझ्या नाकाकडं बघायला लागले.

"श्वास घेतलास?"
नाही म्हणता आलं असतं.
"घेतला सर. पण तुटला कुठं?"
दोन पंच, एक पुस्तक, बरीच खाजवाखाजव.
हरलो.

सातव्या नंबरच्या जर्सीवर ओढणी टाकून
सरांच्या स्कूटीवरून मांडवात पोचले
तेव्हा मामा वांग्याच्या रंगाचा झाला होता.
त्याच्या तोंडातून सूर काढून घेतला.
गुडघ्यातून रक्त येत होतं,
नवरीपेक्षा जास्त रडले मी,
सूर मात्र सरळ.
वरमाईनं शंभराची नोट जास्तीची दिली,
किती भावनेनं वाजवते पोरगी म्हणून.

रात्री सगळं सांगितलं.
बाप संबळाची दोरी आवळत बसला, बोलला नाही.

सकाळी पेला मोरीत पालथा घातला,
दोन बोटांत माझं नाक धरलं.
बोटांना कालच्या हळदीचा वास.
"हं, म्हण आता."
दुसऱ्या हातानं मांडीवर मोजायला लागला.

बेचाळीसला दम तुटला.
आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी सूर तोडला
आणि कुणाचंच लगन मोडलं नाही.

बाप म्हणला, "परत."