तीस सेंटिमीटर

उद्यमबागेतल्या फौंड्रीत, शिडीवर चढून,
चार कोपऱ्यांना चार अँकर लावले.
टॅग बांधला भरमाण्णांच्या मनगटाला,
घड्याळाशेजारी, लाल रबराने.

ते भट्टीपाशी उभे,
आणि पडद्यावरचा ठिपका भिंतीबाहेर, गटारावर.
लोखंडावर आपटून लहर वळसा घेते, मी सांगितलं,
उशिरा पोचते, मग अंतर वाढतं.
"आमचं बी तसंच की ओ," ते म्हणाले,
"हाक एकीकडनं येतीया, माणूस दुसरीकडं."

तीन आठवडे आकडे चाळले.
त्रुटी तीस सेंटिमीटर.
चाचणीचं ठिकाण लिहिताना मात्र पेन अडलं:
बेळगाव की बेळगावी,
अर्जाला रकाना एकच.
मी लिहिलं, शेड क्रमांक सात.

"आता गावलो न्हवं मी तुम्हास्नी?
खरं काल चहाला कुठं गेलतो
ते गावलं काय?"
हसत भरमाण्णांनी टॅग खिळ्याला अडकवला,
सहाच्या बसने कंग्राळीला गेले.

रात्री लॅपटॉप उघडाच राहिला.
खिळ्यावरचा टॅग हलत नव्हता.
ठिपका हलत होता
तीस सेंटिमीटरच्या आत,
जागच्या जागी.