साठ थाऊ

सेठनासाहेबांची एमजी, एकोणसाठची, बाटलीहिरवी.
काटा दोनशेबाराला टेकला
की ते हीटर चालू करायचे.
मे महिन्यात. केम्प्स कॉर्नरच्या चढावर.
इंजिनाची धग आपल्या नडग्यांवर ओढून घ्यायचे,
रुमालानं टक्कल पुसत म्हणायचे,
‘डोसीला जरा ताप आहे.’
थ्रिटीबाई सहा वर्षं त्या गाडीत बसल्या नाहीत.

माझगावच्या गाळ्यात मी पंप उघडला.
आधी कुणी रेडिएटर बदललेला,
कुणी थर्मोस्टॅटच काढून फेकलेला.
दुखणं एवढंसं:
पाती आणि भिंत यांच्यात साठ थाऊची फट.
पाणी जागच्या जागी घुसळत होतं
ताकासारखं,
पुढे जातच नव्हतं.

अकबरअलीनं लेथवर नवं चक्र कातलं, ब्राँझचं.
पात्यांना बाक दिला. फट वीसवर आणली.
मी म्हटलं, दहा कर.
चष्मा कपाळावर सारून तो म्हणाला,
तापल्यावर धातूलाही
अंग पसरायला जागा लागते.

रविवारी दुपारी हाजीअलीचा सिग्नल.
शेजारी बेस्टची बस धापा टाकत,
खाली डांबर मऊ.
मी मागे स्कूटरवर, पायाशी पान्यांची पिशवी,
सोबत पाण्याचा कॅन, लागलाच तर.
बॉनेटवर वाफ नाही.
साहेबांचा डावा हात सवयीनं हीटरच्या खटक्याकडे गेला
तो थ्रिटीबाईंनी वरच्यावर धरला.

सिग्नल सुटला.
गिअर काही पडेना.
बसवाला ओरडला.
मी हॉर्न दिला नाही.